मोठा श्वास घ्या म्हटलं की खांदे का उचलता?

"मोठा श्वास घ्या," हे वाक्य मी दिवसातून पन्नासेक वेळा तरी म्हणत असेन. फिजिओथेरपीचं कामच ते. आणि हे म्हटलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. खांदे कानापाशी नेतो, पोट आत ओढतो, नाकपुड्या फुलवून सूंऽ करून हवा खेचतो. गळ्याच्या शिरा तट्ट फुगतात, चेहरा लाल होतो, आणि आत गेलेली हवा मात्र जेमतेम. यात त्याचा दोष नाही. शाळेत पीटीच्या तासाला 'छाती पुढे, पोट आत' असंच घोटवून घेतलेलं असतं.

खरा प्रकार उलटा आहे. हवा आपण ओढत नाही. आपण छातीतली जागा वाढवतो आणि बाहेरची हवा आपसूक आत शिरते. लोहाराचा भाता किंवा बाजाच्या पेटीचा भाता आठवा. तो उघडला की भरतो, त्याला कोणी हवा पाजत नाही. आपल्या भात्याला बरगड्यांच्या भिंती आहेत आणि खाली हलणारा तळ आहे. पुस्तकातली आकृती पाहून हे फारसं डोक्यात उतरत नाही, स्वतःच्या अंगावर हात ठेवला की पटकन कळतं. म्हणून हा लेख वाचताना एक आरसा, शिंप्याकडे असतो तसा टेप, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक उशी जवळ ठेवा. कपडे सैल असू द्या.

पायरी १ : गळ्याच्या खळगीतून खाली उतरा

गळ्याच्या तळाशी मधोमध एक खळगी लागते. तिथून बोट हाडावरून सरळ खाली आणा. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल, काहींना ठळक, काहींना पुसटसा. छातीच्या मधल्या हाडाचे, म्हणजे उरोस्थीचे, वरचा आणि मधला असे दोन तुकडे इथे जोडलेले असतात. वैद्यकात याला लुईचा कोन म्हणतात. याच्या बरोबर दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी येऊन मिळते. पहिली बरगडी गळ्याच्या आडव्या हाडाखाली दडलेली असते, ती अशी हाताला लागत नाही. त्यामुळे मोजणी नेहमी या उंचवट्यापासून, 'दोन' म्हणून सुरू करायची. दोन नंबरच्या बरगडीखाली जी मऊ फट लागते ती दुसरी फट, मग तिसरी बरगडी, तिसरी फट. ईसीजी काढणारा माणूस छातीवर बोटं चालवत काहीतरी पुटपुटतो ना, तो हेच करत असतो. पहिल्या दोन तारा चौथ्या फटीत, उरोस्थीच्या उजवीकडे आणि डावीकडे लावायच्या असतात.

मोजताना हाडाला चिकटून, उरोस्थीच्या कडेने खाली या. फार बाहेरून मोजलं तर स्नायू आणि चरबी आड येते आणि हिशोब चुकतो.

उरोस्थी जिथे संपते तिथे पोटाच्या वरच्या टोकाला एक छोटं, थोडं हलणारं कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं, टोक असतं. कुणाचं आत वळलेलं, कुणाचं बाहेर आलेलं. वजन कमी केलेल्या लोकांना ते अचानक हाताला लागतं आणि पाचावर धारण बसते. एक गृहस्थ तर तीन रात्री झोपले नव्हते. पोटात गाठ आहे असं धरून बायकोला न सांगता आले होते. मी त्यांचंच बोट धरून उरोस्थीवरून खाली नेलं आणि मग माझ्या छातीचं टोक कुठे आहे तेही दाखवलं. मनात शंका राहिली तर डॉक्टरांना जरूर दाखवा, पण मधोमध, हाडाच्याच रेषेत असलेलं कडक टोक बहुतेक वेळा तुमचंच जन्माचं असतं.

पायरी २ : बरगडीचा उतार ओळखा

बरगड्यांच्या बारा जोड्या, बाईला आणि पुरुषाला सारख्याच. पुरुषाला एक कमी असते हा समज अजून ऐकू येतो, तो सोडून द्या. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या. आठवी, नववी आणि दहावी वरच्या बरगडीच्या कूर्चेला लटकलेल्या. पोटावर उलट्या 'व्ही'सारखी जी कड लागते ती त्यांचीच. अकरावी-बारावी पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत, त्या तरंगत्या. मागे मात्र बाराही जोड्या पाठीच्या मणक्यांना सांध्यांनी जोडलेल्या आहेत, आणि श्वासागणिक ते सांधे हलतात. पाठ आखडलेल्या माणसाचा श्वास तोकडा का होतो याचं एक उत्तर इथे आहे.

आता पाचवी बरगडी पुढून पकडा आणि बोट तिच्यावरून काखेखालून पाठीकडे न्या. बोट वर चढत जातं. बरगडी आडवी नसते, पाठीकडे उंच आणि पुढे उतरती असते. सगळी गंमत या उतारात आहे. उतरती वस्तू वर उचलली की ती पुढे आणि बाहेर सरकते, म्हणजे आतली जागा वाढते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात, त्या उचलून फारसं काही मिळत नाही. म्हणूनच बाळ पोटाने श्वास घेतं. नवे आईबाप घाबरून विचारतात, "पोट का उडतंय?" शांत झोपलेल्या, दूध नीट पिणाऱ्या बाळाचं पोट उडणारच.

वरच्या आणि खालच्या बरगड्यांची चाल वेगळी आहे. एक तळवा उरोस्थीच्या वरच्या भागावर ठेवून श्वास घ्या. हात पुढे आणि वर जातो, हापशाचा दांडा उचलल्यासारखा. आता दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर कडेने ठेवा, अंगठे पाठीकडे. श्वास घेताना हात एकमेकांपासून दूर, बाजूंना जातील. ही बादलीच्या कडीची चाल. आडवी पडलेली कडी उचलली की ती बाहेर येत येत वर जाते, तसंच. खालचे हात हलतच नसतील आणि नुसता वरचा हलत असेल, तर तुम्ही खांदे उचलणाऱ्या मंडळींपैकी आहात.

पायरी ३ : दोन बरगड्यांच्या फटीत काय आहे

मटण खाणाऱ्यांसाठी हा भाग सोपा आहे. खाटकाकडून चापा आणल्यात तर धुताना नीट बघा. (बकऱ्याला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात, आपल्यापेक्षा एक जास्त.) दोन हाडांमधलं जे मांस आपण दातांनी ओढून खातो तेच श्वासाचे स्नायू. आतल्या बाजूला जो पातळ, चकाकता पापुद्रा सुटून येतो ते फुप्फुसावरणाचं बाहेरचं अस्तर.

माणसात या मांसाचे तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थराचे धागे तिरपे, पँटच्या पुढच्या खिशात हात घातल्यावर बोटं असतात त्या दिशेने. ते बरगड्या वर उचलतात. आतल्या थराचे धागे त्याला आडवे जातात आणि जोराने हवा बाहेर टाकताना बरगड्या खाली ओढतात. फुंकणीने चूल फुंकायची नक्कल करा आणि हात कडेला ठेवा, बरगड्या आत-खाली दबताना जाणवतील. त्याच वेळी पोटही टणक होतं, कारण जोराच्या उच्छ्वासात पोटाचे स्नायू मोठा वाटा उचलतात. शांत बसलेल्या माणसाला यातलं काही लागत नाही. उच्छ्वास फुकटात होतो, ताणलेलं फुप्फुस रबरासारखं आपोआप आवळतं.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते. तिच्यात वरून खाली या क्रमाने नीला, धमनी आणि मज्जातंतू बसलेले असतात. छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई बरगडीच्या वरच्या कडेला घासून घालतात ते यासाठी. वरच्या बरगडीच्या पोटाखाली सुई गेली तर नेमकी या जुडग्यात शिरेल.

नागीण बघितली असेल तर ती आठवा. छातीवर एकाच बाजूला पाठीपासून पुढे पट्टा आल्यासारखे फोड. तो पट्टा म्हणजे या पन्हळीतल्या मज्जातंतूचा रस्ता. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो, तो जागा होतो. 'नागिणीची दोन तोंडं एकत्र आली की माणूस दगावतो' असं आजही सांगतात. हा मज्जातंतू छातीच्या मधल्या रेषेपाशी संपतो, दुसऱ्या बाजूचा वेगळा असतो. म्हणून ती सहसा एकाच बाजूला राहते. तोंडं जुळण्याची भीती धरू नका, पण पहिल्या तीन दिवसांत डॉक्टर गाठा. गोळ्यांचा उपयोग तेव्हाच सर्वांत जास्त होतो.

पायरी ४ : तळ शोधा

उताणे झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर. एक हात छातीवर, एक हात बेंबीच्या वर. नेहमीसारखा श्वास चालू द्या, काही करू नका. पोटावरचा हात जास्त हलत असेल. तो हलवणारा स्नायू म्हणजे श्वासपटल.

छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटासारखा पडदा खालच्या सहा बरगड्या, उरोस्थीचं टोक आणि कमरेचे वरचे मणके यांना चिकटलेला आहे. उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा वर, कारण खाली यकृत बसलेलं. आकसला की घुमट सपाट होत खाली उतरतो, शांत श्वासात एक-दोन सेंटिमीटर, खोल श्वासात सात-आठसुद्धा. शांत श्वासाचं बहुतेक काम हा एकटा करतो. खाली उतरताना तो यकृत, जठर, आतडी यांना खाली ढकलतो, आणि त्यांना जायला जागा एकच, पुढे. म्हणून पोट फुगतं. काही योगवर्गांत 'पोटात हवा भरा' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नका. पोटात गेलेली हवा ढेकर होऊन परत येते.

पोट पुढे येऊ दिलं नाही तर पडदा खाली उतरणार कसा? परकराची नाडी करकचून आवळलेल्या बायकांना आणि ढेरी लपवायला पट्टा कसणाऱ्या पुरुषांना मी तपासणीआधी एक घर सैल करायला सांगते. त्यानंतर निम्म्यांचा तरी श्वास न शिकवता खाली उतरतो.

श्वासपटलाची नस छातीतून निघत नाही. ती मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जामुळांतून निघून हृदयाच्या कडेने खाली येते. याचे दोन परिणाम आहेत. मानेला वरच्या भागात जबर दुखापत झाली तर श्वासच थांबू शकतो, म्हणून अपघातग्रस्ताची मान हलवू नये. दुसरा म्हणजे, पडद्याला खालून काही टोचत असेल, उदाहरणार्थ पोटात रक्त साठलं असेल, तर दुखतं खांद्याच्या टोकाला. मेंदू पत्ता चुकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटात राहिलेल्या वायूमुळे खांदा दुखतो तोही यामुळेच. उचकी हासुद्धा याच पडद्याला अचानक आलेला झटका.

पायरी ५ : ओल्या ताटल्यांचा प्रयोग

स्टीलच्या दोन सपाट ताटल्या धुऊन ओल्याच एकावर एक ठेवा. एकमेकींवर घसरतात, पण सरळ उचलून वेगळ्या करायला गेलात तर चिकटून बसतात. फुप्फुस छातीच्या भिंतीला असंच धरलेलं असतं. त्याला दोर नाही, खिळा नाही. एक अस्तर फुप्फुसावर, एक भिंतीच्या आतून, आणि मधे जेमतेम दोन-तीन छोटे चमचे पाणी. भिंत बाहेर जायला बघते, फुप्फुस आत आवळायला बघतं, या ओढाताणीत मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. शांत बसल्यावर सुमारे ५ सेंटिमीटर पाण्याइतका कमी, श्वास घेताना सुमारे ८. म्हणजे किती? स्ट्रॉने पेल्यातलं पाणी आठ सेंटिमीटर वर चढवायला जेवढी ओढ लागते तेवढी. जन्मभर श्वास चालवणारी ताकद ही एवढीशीच आहे.

'फुप्फुसाला पाणी झालंय' असं आपल्याकडे म्हणतात ते पाणी बहुतेक वेळा फुप्फुसात नसतं, या दोन अस्तरांच्या मधे साठलेलं असतं. आपल्याकडे त्यामागे क्षयरोग असणं नवीन नाही, त्यामुळे नुसतं पाणी काढून काम संपत नाही, त्याची तपासणी आणि पूर्ण औषधं लागतात. मधे हवा शिरली तर ताटल्या सुटतात आणि फुप्फुस आवळून बसतं. उंच, सडपातळ, तरुण मुलांत, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांत, हे काही लागलं-खुपलं नसतानाही होतं. एका बाजूला अचानक कळ आणि दम, असं ते सुरू होतं.

मुलांना दाखवायला बाटली-फुग्याचं मॉडेल करता येतं. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, तोंडातून एक फुगा आत सोडून काठावर ओढून बसवा, कापलेल्या तळावर दुसरा फुगा कापून ताणून बांधा. तळाचा फुगा खाली ओढला की आतला फुगतो. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी दहा तरी असतात. त्यात दोन खोट्या गोष्टी आहेत, त्याही मुलांना सांगा. बाटलीच्या भिंती हलत नाहीत, आपल्या बरगड्या हलतात. आणि बाटलीचा तळ सपाट असतो तो ओढून फुगवटा येतो. आपला पडदा आधी घुमट असतो, तो सपाट होतो.

पायरी ६ : एका श्वासाचा हिशोब

शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली १५० नाक, घसा आणि श्वासनलिकांच्या नळ्यांतच राहते, तिचा रक्ताला उपयोग नाही. कामाची उरली ३५०. ही फुप्फुसातल्या इवल्या पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत, पोचते. दोन्ही फुप्फुसांत मिळून वायुकोश तीस कोटींच्या पुढे असतात.

आता हिशोब करा. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० : एकूण ६ लिटर हवा आत, त्यातली ४.२ लिटर कामाची. दुसरा माणूस घाबरून मिनिटाला ३० श्वास घेतोय, प्रत्येकी २०० : एकूण तीच ६ लिटर. पण प्रत्येक श्वासातले १५० नळ्यांत गेले, उरले ५०. तीस गुणिले पन्नास, फक्त दीड लिटर. श्वास अडीचपट आणि कमाई निम्म्याहूनही कमी. दम लागलेल्या माणसाला मी 'हळू' का म्हणते ते या आकड्यांत आहे. घाट चढतानाही हेच, वरवरची धाप कितीही जोरात टाकली तरी पाय हलके होत नाहीत.

श्वास कधी घ्यायचा हे मेंदूचा देठ ठरवतो, आणि तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघून. ऑक्सिजन कमी झाल्याची घंटा बरीच उशिरा वाजते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर पोरं 'बुडी मारून कोण जास्त वेळ राहतं' खेळतात तेव्हा हे कुणाला तरी माहीत असायला हवं. बुडी मारण्याआधी दहा-वीस श्वास जोरजोरात घेतले तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, घंटा वाजतच नाही, आणि ऑक्सिजन संपून पोरगं पाण्याखालीच शुद्ध हरपतं. चांगलं पोहणाराही बुडतो तो असा. हा खेळ दिसला तर थांबवा.

पायरी ७ : श्वास मोजा, पण सांगून नको

'तुझे श्वास मोजतो' म्हटलं की श्वास बदलतो. त्यामुळे नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि डोळा छातीपोटावर ठेवा. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांना चारने गुणू नका, विशेषतः लहान मुलांत. त्यांचा श्वास मुळात अनियमित असतो.

शांत बसलेल्या प्रौढात १२ ते २० ठीक. नाथपंथी परंपरेत दिवसाला २१,६०० श्वासांचा अजपाजप, म्हणजे श्वासागणिक आपसूक होणारा जप, सांगितलाय. चोवीस तासांनी आणि साठ मिनिटांनी भागा, मिनिटाला बरोबर १५ येतात. मला हा हिशोब फार आवडतो.

मुलांचे आकडे पाठच करा. खोकला किंवा ताप असलेल्या, शांत असलेल्या मुलात दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे, न्यूमोनियाचा संशय धरून त्याच दिवशी डॉक्टरकडे. रडतंय किंवा दूध पितंय तेव्हा मोजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, मोठी मोजणी न येणाऱ्या दायांसाठी, वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधं यंत्र केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर मूल आजारी. अक्षरओळख नसलेल्या बायका त्यावर न्यूमोनिया ओळखू लागल्या.

आकड्याइतकीच नजर महत्त्वाची. मूल श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल तर थांबू नका. त्याच्या बरगड्या मऊ आहेत, पडदा जिवाच्या आकांताने ओढतोय आणि भिंतच आत येतेय, असा त्याचा अर्थ. मोठ्यांमध्ये ओठ निळसर, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, मानेचे स्नायू दर श्वासाला ताठ होणं, श्वास घेताना पोट फुगण्याऐवजी आत जाणं, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, हात-जबड्याकडे जातंय, घाम फुटलाय, तरीही तेच. 'दाबलं की दुखतं म्हणजे बरगडीचंच आहे' हा तर्क घरी बसून करू नका. दाबून दुखणारी छाती असलेल्या माणसालाही हृदयविकार असू शकतो.

पायरी ८ : टेप

शिंपी माप घेताना छाती फुगवणारी गिऱ्हाइकं असतात. तो बिचारा 'श्वास सोडा' म्हणून थांबतो. आपल्याला दोन्ही मापं हवीत. टेप चौथ्या फटीच्या उंचीवर, मागेही त्याच पातळीत, अंगाला टेकलेला पण रुतलेला नको. बायकांनी स्तनांच्या खालून घेतलं तरी चालेल, फक्त दर वेळी जागा तीच ठेवा. सगळी हवा सोडून एक माप, पूर्ण श्वास घेऊन दुसरं. तीनदा करा, सर्वांत मोठा फरक लिहा. निरोगी तरुण माणसात हा फरक साधारण ५ सेंटिमीटर किंवा जास्त येतो. अडीचच्या खाली असेल, आणि सकाळी उठल्यावर कंबर-पाठ अर्धा तास आखडत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मणक्यांचा एक संधिवात तरुणपणीच सुरू होतो आणि बरगड्यांचे मागचे सांधे धरतो.

पायरी ९ : सराव, आणि न करायच्या गोष्टी

पायरी ४ मधल्याच स्थितीत झोपा. आधी श्वास सोडा. हे महत्त्वाचं, भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतता येत नाही. मग नाकाने, दोन मोजेपर्यंत, पोटावरचा हात उचलू द्या आणि खालच्या बरगड्या बाजूला जाऊ द्या. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसं, चार मोजेपर्यंत सोडा. पाच-सहा श्वास, मग विश्रांती. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही फार जास्त घेताय, थांबा. झोपून जमलं की बसून, मग जिना चढताना : दोन पायऱ्यांना आत, चार पायऱ्यांना बाहेर.

जुना दमा किंवा धूम्रपानाचा फुप्फुसविकार असेल तर पडदा आधीच खाली सपाट होऊन बसलेला असतो, पोटाचा श्वास त्यांना उलट जड जातो. त्यांनी पोटाच्या नादी न लागता फक्त ओठांच्या चंबूतून सावकाश सोडायला शिकावं, आणि दम लागला की पुढे वाकून कोपर मांडीवर टेकवावेत. हात टेकले की खांद्याचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात.

गाणाऱ्यांचा दमसास हाही याच भात्याचा खेळ. छाती पूर्ण भरली की फुप्फुस जोराने आवळायला बघतं. सगळी हवा पहिल्याच सुरात निसटू नये म्हणून बरगड्या उचलून धरणारे स्नायू गाताना हळूहळू सोडावे लागतात. जास्त हवा भरण्यापेक्षा सोडताना लगाम धरणं अवघड असतं.

बरगडीला मार लागला तर पूर्वी छाती पट्ट्याने घट्ट गुंडाळत. आता तसं करत नाहीत. गुंडाळलेली छाती हलत नाही, कफ साठतो आणि आठवड्यात न्यूमोनिया दारात. हळदीचा लेप हवा तर लावा, त्याने बिघडत नाही, पण वेदनाशामक वेळेवर घ्या आणि खोकताना उशी दुखऱ्या जागेवर घट्ट धरा. पोटाच्या ऑपरेशननंतरही हीच उशी कामाला येते.

ऑपरेशननंतर हातात ते तीन चेंडूंचं, नळीने हवा ओढायचं यंत्र देतात. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते हवेच्या वेगाचे, दर सेकंदाला किती मिलिलिटर. लोक झटका देऊन तिन्ही चेंडू एकदम टपकन वर आपटतात आणि पास झाल्यासारखं बघतात. त्याचा काही उपयोग नाही. एक किंवा दोनच चेंडू वर जावेत, पण दोन-तीन सेकंद वर टिकावेत. हळू आणि लांब श्वास खालचे वायुकोश उघडतो.

गेल्या पावसाळ्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. यंत्र हातात दिलं की त्या जोरात फुंकायच्या. चेंडू ढिम्म. नर्स ओरडायची, मुलगा ओरडायचा, आजी आणखी जोरात फुंकायच्या. साठ वर्षं चूल फुंकलेली बाई, नळी तोंडात आली की दुसरं काय करणार? मी त्यांना म्हटलं, "आजी, हे फुंकायचं नाही. शहाळ्यातलं पाणी कसं ओढता नळीने, तसं. पण घाई नको, शहाळं सबंध आहे." त्यांनी उशी पोटाशी धरली, माझ्याकडे संशयाने बघितलं, श्वास सोडला आणि ओढला. पहिला चेंडू वर गेला, मागोमाग दुसरा, आणि दोन्ही तिथेच तरंगत राहिले. मी मनात तीन मोजले. खांदे जागच्या जागी होते.